ताग-पॉलिप्रॉपिलीन पॅनेलच्या ताकदीचे आकडे दर चाचणीत बदलत असतील तर

ताग, अंबाडी, घायपात किंवा केळीच्या खोडाचे तंतू पॉलिप्रॉपिलीनमध्ये घालून हॉट प्रेसवर पॅनेल बनवणारे लहान उत्पादक आणि अशा पॅनेलवर प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कच्चा माल तोच, तंतूंचे प्रमाण तेच, प्रेसचे तापमान आणि दाबही तेच. तरी मे महिन्यातला अहवाल आणि सप्टेंबरमधला अहवाल जुळत नाही, आणि कधी कधी तर एकाच शीटमधून कापलेल्या पाच नमुन्यांचे आकडेही एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. अशा वेळी दोष एक तर यंत्राला दिला जातो, नाही तर तागाच्या त्या खेपेला. दोन्ही शक्यता खऱ्या ठरू शकतात, परंतु त्या शेवटी तपासाव्यात, कारण प्रेसमधून निघालेली शीट आणि यंत्रावरचा आकडा यांच्या मधे कापणे, साठवणे, मोजणे आणि जबड्यात धरणे एवढे टप्पे असतात, बहुतेक फरक त्यांतच शिरलेला असतो, आणि तो शोधायला फारसा खर्चही येत नाही.

तुटलेले तुकडे आधी पाहा

अहवाल बाजूला ठेवून प्रथम तुटलेले तुकडे टेबलावर ओळीने मांडावेत. त्यासाठी प्रयोगशाळेला नमुने देतानाच तुकडे क्रमांकासह परत हवेत असे लिहून द्यावे लागते, नाही तर ते त्याच संध्याकाळी कचऱ्यात जातात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ६३८ या मानकानुसार केलेल्या टेन्साइल म्हणजे ओढून तोडण्याच्या चाचणीत डंबेलच्या आकाराचा नमुना वापरतात. त्याच्या पहिल्या प्रकाराची लांबी १६५ मिलिमीटर आणि मधल्या अरुंद भागाची रुंदी १३ मिलिमीटर असते. नमुना या अरुंद भागात तुटला असेल तर आकडा विचारात घेण्याजोगा आहे. तो जबड्याच्या तोंडाशी तुटला असेल तर मिळालेला आकडा पॅनेलची ताकद सांगत नाही, जबड्याने केलेली इजा सांगतो. असे नमुने पाचात दोन-तीन निघाले तर पुढचे काहीही न तपासता आधी पकड सुधारावी.

त्यानंतर तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरावा. सूक्ष्मदर्शक नसला तरी अडत नाही; यंत्रमाग कारखान्यात कापडाचे पिक म्हणजे आडवे धागे मोजण्यासाठी जे भिंग वापरतात ते पुरेसे होते. तंतू लांबवर स्वच्छ उपसून बाहेर आलेले आणि समोरच्या तुकड्यात त्यांची बारीक भोके राहिलेली दिसली, तर तंतू आणि प्लॅस्टिक यांनी एकमेकांना धरलेच नव्हते. तंतू प्लॅस्टिकच्या पातळीवरच तुटलेले असतील तर बंध चांगला आहे. गुळगुळीत गोल खळगे वाफेच्या बुडबुड्यांचे असतात, आणि एका कोपऱ्यात तंतूंचा गठ्ठा व दुसऱ्या कोपऱ्यात नुसते प्लॅस्टिक असेल तर मिश्रण नीट झालेले नाही. ही पाहणी दहा मिनिटांची आहे आणि पुढचा तपास कोणत्या दिशेने न्यायचा हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

साध्या पॉलिप्रॉपिलीनचे साक्षीदार नमुने

यंत्र, हवा आणि पॅनेल यांपैकी नेमके काय बदलले हे वेगळे करण्याचा एक सोपा उपाय आहे, आणि तो फारच थोडे जण करतात याचे आश्चर्य वाटते. तंतू न घालता त्याच पॉलिप्रॉपिलीनची एक मोठी शीट बनवून ठेवावी, काही आठवडे ती तशीच राहू द्यावी, कारण ताजे पॉलिप्रॉपिलीन साच्यातून निघाल्यावरही काही काळ अंतर्गत बदलत असते, आणि मग तिचे भरपूर नमुने कापून ठेवावेत. पॅनेलच्या प्रत्येक चाचणीबरोबर यातले दोन-तीन नमुने त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच वेगाने तोडावेत. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्यामुळे साध्या नमुन्यांचा आकडाही खाली आला असेल तर कारण यंत्रात, वेगात किंवा खोलीच्या तापमानात शोधावे. साधे नमुने जागच्या जागी राहून फक्त पॅनेलचे आकडे घसरले असतील तर तंतू, ओलावा किंवा बंध यांच्याकडे वळावे.

ओलावा आणि सोलापूरचे हवामान

काचेच्या तंतूंवर काम केलेल्या माणसाला वनस्पतिजन्य तंतूंकडे वळताना सर्वांत जास्त चकवते ती ही बाब. काच पाणी घेत नाही. ताग मात्र सेल्युलोजचा असल्यामुळे हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असतो. व्यापारात तर त्याच्या कोरड्या वजनावर १३.७५ टक्के ओलावा प्रमाण म्हणून धरला जातो. पॅनेलमध्ये प्लॅस्टिकने वेढलेला तंतू सुरक्षित असतो असा समज आहे, पण नमुना कापला की प्रत्येक कडेवर तंतूंची टोके उघडी पडतात आणि पाणी त्यांच्या पोकळ गाभ्यातून आत जाते. तंतू फुगतो, मऊ पडतो, भोवतीच्या प्लॅस्टिकपासून सुटू लागतो. परिणामी टेन्साइल ताकद आणि कडकपणा दोन्ही उतरतात. याउलट आघाताची ताकद कधी कधी वाढलेली दिसते, कारण ओला तंतू तुटण्याआधी अधिक वाकतो. एक आकडा वर आणि दुसरा खाली गेलेला पाहून लोक यंत्रावर संशय घेतात, पण हे ओलाव्याचेच लक्षण असू शकते.

सोलापुरात हा प्रश्न दुहेरी होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि हवा अगदी कोरडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तापमान उतरते आणि हवा दमट होते. उन्हाळ्यात तंतू कोरडा म्हणून आकडे चांगले यावेत असा तर्क कोणीही करील. परंतु यूटीएम, म्हणजे नमुने ओढून-वाकवून ताकद मोजणारे यंत्र, पत्र्याच्या शेडमध्ये असेल आणि चाचणी अडतीस-चाळीस अंशांत होत असेल, तर पॉलिप्रॉपिलीन स्वतःच मऊ पडलेले असते. या प्लॅस्टिकचे काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते काचेसारखे ताठ होते ते, शून्य अंशाच्या आसपास आणि वितळणबिंदू सुमारे १६५ अंश सेल्सिअस आहे, आणि या दोहोंच्या मधे ते तापमानाबरोबर सतत नरम होत जाते. म्हणजे उन्हाळ्यात प्लॅस्टिक दगा देते आणि पावसाळ्यात तंतू. कधी या दोन गोष्टी एकमेकींना झाकतात आणि दोन्ही मोसमांतले अहवाल योगायोगाने जुळतात; माझ्या मते न जुळणाऱ्या अहवालापेक्षा हे अधिक धोक्याचे, कारण मग कोणी काही तपासतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे चाचणीआधी नमुने ठरावीक हवेत ठेवणे. एएसटीएम डी ६१८ मधील नेहमीच्या पद्धतीनुसार ७ मिलिमीटरपर्यंत जाडीचे नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत किमान ४० तास ठेवायचे असतात, त्याहून जाड असतील तर ८८ तास. नुसत्या प्लॅस्टिकला एवढे पुरते, पण तंतुमय पॅनेल पावसाळ्यात गोदामातून आले असेल तर ४० तासांत त्याचा ओलावा स्थिरावत नाही, कारण ओलाव्याला आतपर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून तास मोजण्यापेक्षा वजन मोजावे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर रोज एकदा वजन घ्यावे आणि ते बदलायचे थांबले की चाचणी करावी. आर्द्रता नियंत्रित करणारे कपाट नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण ठेवले तरी काम भागते; २५ अंशांना त्याच्यावरील हवेची आर्द्रता सुमारे ५३ टक्के राहते. द्रावणात न विरघळलेले स्फटिक तळाशी दिसत राहिले पाहिजेत, नमुने जाळीवर द्रावणापासून दूर ठेवावेत, डब्यात एक आर्द्रतामापक असावा, आणि डबा वातानुकूलित खोलीत असावा. हे रसायन ऑक्सिडीकारक असल्याने त्याचा साठा कागद, तेल अशा पेटणाऱ्या वस्तूंजवळ ठेवू नये.

चाचणी बाहेरगावी करायची असेल, उदाहरणार्थ सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक तंत्रज्ञान संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रात, तर नमुने स्थिर झाल्यावर लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करावेत आणि पोचल्यावर तिथे पुन्हा स्थिर करून घेण्याची विनंती अर्जातच लिहावी. भर पावसात एसटीच्या पार्सलमधून वर्तमानपत्रात गुंडाळून गेलेल्या नमुन्यांबद्दल नंतर वाद घालण्यात अर्थ नाही. पाण्याची धार सोडणाऱ्या कटरवर नमुने कापणेही याच कारणासाठी टाळावे. आणि साध्या करवतीवर वेगाने कापले तर कडेचे प्लॅस्टिक वितळून तंतू ओढले जातात, तेव्हा बारीक दातांची करवत सावकाश चालवून नंतर कडा बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून घ्याव्यात. आडव्या घासल्याने पडलेल्या चरा म्हणजे तुटण्यासाठी आयतीच जागा.

ताणा, बाणा आणि कापण्याची दिशा

मागांच्या या शहरात हे वेगळे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये, तरी येते. तरट वापरून बनवलेल्या पॅनेलची ताकद ताण्याच्या दिशेने एक आणि बाण्याच्या दिशेने दुसरी असते, कारण दोन्हीकडच्या सुतांची संख्या, जाडी आणि विणीतली वळणे सारखी नसतात. नीडल-पंच केलेल्या, म्हणजे सुयांनी टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेल्या फेल्टला ताणा-बाणा नसला तरी दिशा असते. पिंजणयंत्रातून निघालेला पातळ थर आडवा-तिडवा अंथरून फेल्ट तयार होते आणि त्या अंथरण्यात तंतू एका बाजूला जास्त झुकतात. कोणती बाजू बलवान निघेल हे अंदाजाने ठरवू नये. डी ६३८ मध्येही दिशेनुसार गुण बदलणाऱ्या पदार्थांसाठी एका दिशेने पाच आणि तिच्या काटकोनात पाच असे नमुने तोडायला सांगितले आहे.

दिशेची सरमिसळ झाली आहे हे ओळखण्याची खूण अशी: आकडे सरासरीभोवती विखुरलेले नसतात, त्यांचे दोन घोळके पडतात. दहापैकी सहा एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, आणि मधे रिकामे. असे दिसले तर खेप, यंत्र, हवा यांपैकी काहीही कारण नाही; कापणाऱ्याने शीटचा कडेचा उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून त्यातून आडवे नमुने काढले आहेत. फेल्टचा किंवा तरटाचा गठ्ठा उलगडतानाच त्यावर न पुसणाऱ्या शाईने बाण काढावा, प्रेसमध्ये थर रचताना सगळे बाण एका दिशेला आहेत का ते पाहावे, आणि थंड झालेल्या शीटवर कापण्याआधी प्रत्येक नमुन्याचा क्रमांक व जागा दाखवणारा नकाशा आखावा. हा नकाशा पुढेही उपयोगी पडतो: कमी आकडे आलेले नमुने शीटच्या एकाच कोपऱ्यातले निघाले तर प्रेसच्या त्या कोपऱ्यातले तापमान किंवा दाब तपासायला हवा.

जाडीतली चूक

वाकवण्याच्या म्हणजे फ्लेक्सरल चाचणीत जाडीकडे झालेले दुर्लक्ष महागात पडते. ताकदीच्या सूत्रात जाडीचा वर्ग भागाकारात येतो आणि कडकपणाच्या सूत्रात घन. समजा शीट ४ मिलिमीटरची म्हणून नोंदवली, पण त्या नमुन्याची खरी जाडी ३.८ मिलिमीटर होती. तर अहवालातली ताकद खऱ्यापेक्षा सुमारे १० टक्के आणि कडकपणा सुमारे १४ टक्के कमी दिसेल. मोठ्या शीटमध्ये मधली आणि कडेची जाडी सहज एवढी बदलते. तेव्हा प्रत्येक नमुना मधल्या भागात तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावा. व्हर्नियरने मोजताना हाताच्या दाबाप्रमाणे आकडा बदलतो आणि खरखरीत पृष्ठभागावर तर अधिकच.

आधारांमधले अंतर जाडीच्या सोळा पट ठेवायचे असते, म्हणजे ४ मिलिमीटरला ६४. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नसतील तर आणखी एक गोष्ट विचारावी: ताकद म्हणून नेमका कोणता बिंदू घेतला? पॉलिप्रॉपिलीनचे पॅनेल वाकवताना पुष्कळदा तुटतच नाही. एएसटीएम डी ७९० मध्ये ५ टक्के विकृतीपर्यंतच (बाहेरचा थर मूळ लांबीच्या ५ टक्के ताणला जाईपर्यंत) चाचणी धरली जाते, तर आयएसओ १७८ नुसार ३.५ टक्के विकृतीचा ताण नोंदवण्याची पद्धत आहे, आणि काही ठिकाणी सरसकट कमाल भार घेतला जातो. तीन आकडे वेगवेगळे येणारच. वेगाचेही तसेच, हे प्लॅस्टिक जितक्या वेगाने ओढावे तितके बलवान भासते, म्हणून मिनिटाला ५ मिलिमीटर आणि ५० मिलिमीटर या वेगांचे आकडे शेजारी ठेवू नयेत. फ्लेक्सरल ताकद टेन्साइलपेक्षा जास्त आली तर मात्र गोंधळू नये, ते स्वाभाविक आहे, कारण वाकवताना कमाल ताण मधल्या थोड्याशा भागावर आणि बाहेरच्या थरावरच येतो.

पकड आणि यंत्र

पोलादी सळ्यांसाठी बनवलेल्या दातेरी जबड्यांत हे पॅनेल धरले की दात आत रुततात आणि तंतू तिथेच चिरडले जातात. काच-इपॉक्सीच्या नमुन्यांना टोकांवर पट्ट्या चिकटवतात तशा इथे चिकटवायला गेले तर त्या सुटून येतात, कारण पॉलिप्रॉपिलीनवर गोंद सहसा धरत नाही. त्याऐवजी जबडा आणि नमुना यांच्यामध्ये एमरी कापडाचा तुकडा, खरखरीत बाजू नमुन्याकडे करून, ठेवावा आणि जबडे हळूहळू आवळावेत. नमुना ओढण्याच्या रेषेत सरळ आहे की नाही हे समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहावे.

यंत्राच्या क्षमतेचा हिशेबही करावा. १३ मिलिमीटर रुंद, ३.५ मिलिमीटर जाड आणि ३० मेगापास्कल ताकदीचा नमुना सुमारे १,३६५ न्यूटनला, म्हणजे साधारण १४० किलो वजनाइतक्या भाराला तुटतो. स्थापत्य विभागातल्या ४०० किलोन्यूटनच्या यूटीएमच्या दृष्टीने हा भार क्षमतेच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी आहे. त्या यंत्राचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र बिनचूक असेल, पण ते किती भारापासून पुढे लागू आहे हे त्यावर लिहिलेले असते. तो आकडा वाचावा. ५ किंवा १० किलोन्यूटनचा लोड सेल (भार मोजणारा भाग) असलेले यंत्रच या कामाला योग्य.

दोष खरोखर पॅनेलमध्येच असेल तर

इथवर सगळे ठीक निघाले तर पॅनेलकडे यावे आणि प्रथम घनता मोजावी. ३० टक्के वजनाचा ताग आणि ७० टक्के पॉलिप्रॉपिलीन असेल, तागाची घनता १.४ आणि प्लॅस्टिकची ०.९०५ धरली, तर पॅनेलची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०१ ग्रॅम यायला हवी. प्रत्यक्षात ती ०.९६ भरली तर पाच टक्के जागा हवेने व्यापली आहे. तंतूंचे प्रमाण पडताळण्यासाठी काच-पॅनेलसारखी जाळून राख तोलण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण प्लॅस्टिकबरोबर ताग आणि घायपातही जळून जातात. त्यामुळे रचतानाच्या वजनांची नोंद हाच भरवशाचा आधार.

पोकळ्यांचे नेहमीचे कारण न वाळवलेला तंतू. ओव्हनमध्ये ८० ते १०५ अंशांना काही तास वाळवावा आणि लगेच प्रेसमध्ये घालावा. पावसाळ्यात सकाळी वाळवून दुपारी वापरलेला ताग वाळवला नाही असेच समजावे. सुरुवातीला प्रेस एक-दोनदा किंचित उघडून वाफ सोडावी, तापमान १८० ते १९० अंशांच्या आसपास राखावे, आणि शीट दाबाखालीच थंड होऊ द्यावी, नाही तर फेल्ट पुन्हा फुगते. पॅनेल तपकिरी पडून जळकट वास येत असेल तर तापमान २०० अंशांच्या पुढे गेले आहे आणि तंतू ठिसूळ झाला आहे.

बंध कमकुवत दिसला असेल तर मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन, जे तंतू आणि प्लॅस्टिक यांना एकमेकांना धरायला मदत करते, दोन ते पाच टक्के घालून पाहावे. पण त्याआधी तरटाचा वास घ्यावा. तागाचे सूत कातताना बॅचिंग ऑइल वापरतात, रॉकेलसारखा तो वास नव्या तरटाला येतो, आणि त्या तेलावर प्लॅस्टिक धरत नाही. बाजार समितीतली जुनी बारदाने स्वस्त पडतात, पण त्यांच्यात तेलाबरोबर धूळ आणि कांद्याची साले असतात. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून घेतलेला एक संच आणि न धुतलेला एक संच तोडून पाहिला की बाकी चर्चेची गरज उरत नाही. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायची असल्यास पाच टक्क्यांच्या आसपास थांबावे आणि नंतर पाणी उदासीन होईपर्यंत धुवावे. साखर कारखान्यातले चिपाड वापरणाऱ्यांनी आधी त्यातला भुसा चाळून काढावा. तो पाणी पितो, ताकद देत नाही.

एखादा आकडा वगळताना

समजा पाच नमुने ३१, ३२, ३०, ३३ आणि २२ मेगापास्कलला तुटले. सरासरी २९.६ येते आणि विचलन गुणांक (सरासरीच्या तुलनेत आकडे किती विखुरलेले आहेत त्याचे माप) सुमारे १५ टक्के. २२ वगळला तर सरासरी ३१.५ आणि गुणांक ४ टक्के. अहवाल एकदम देखणा होतो. म्हणूनच तो वगळण्याचा मोह आवरावा. त्या तुकड्यात बुडबुडा, गठ्ठा किंवा जबड्यातली तूट दिसली तर कारण लिहून वगळावा आणि त्याच्या जागी नवा नमुना तोडावा. काही दिसले नाही तर २२ हाही त्या पॅनेलचाच गुण आहे, आणि ग्राहकाला द्यायचा आकडा ठरवताना तोच आधी पाहावा. वनस्पतीचा तंतू बुडख्याकडे वेगळा आणि शेंड्याकडे वेगळा असतो, त्यामुळे थोडा विखुरलेपणा कोणत्याही खबरदारीनंतर राहतोच. दरपत्रकात सरासरी छापण्याऐवजी सर्वांत कमी ग्राह्य आकडा, नमुन्याची दिशा, चाचणीची पद्धत आणि नमुने किती तास कोणत्या हवेत ठेवले होते, एवढे चार रकाने भरून द्यावेत.